बाहेरून येणारी हाक : बारामती-इंदापूर दरम्यानच्या एका पत्त्याचा इतिहास

साहित्याच्या अध्यापकांनी संगणकाच्या जोडणीवर निबंध लिहावा, हा थोडासा अधिकारभंग आहे याची आम्हांला जाणीव आहे. परंतु ज्या अडचणीने आमचे सात महिने घेतले, तिच्या मुळाशी जाता जाता आम्ही 'पत्ता' या शब्दाच्या इतिहासात जाऊन पडलो, आणि तो विषय काही केवळ अभियंत्यांचा नव्हे. म्हणून हे टिपण.

२०२० च्या उन्हाळ्यात, टाळेबंदीच्या दिवसांत, बारामती आणि इंदापूर येथील महाविद्यालयांत शिकवणाऱ्या आम्ही काही जणांनी दर रविवारी दूरस्थ बैठक सुरू केली. आरंभी ती वाचनाची बैठक होती. पुढे तिला एका बाईंनी वेगळेच वळण दिले. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वय ऐंशीच्या घरात. वास्तव्य इंदापूर तालुक्यातील एका वस्तीवर. त्यांचे मूळ गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. बाईंना ते गाव आळीनिहाय पाठ होते. कोणत्या घरासमोर कोणते झाड, कोणत्या विहिरीवर कोणाचा हक्क, पहाटे कोणत्या घरातून जात्याचा आवाज आधी येई आणि त्या जात्यावर कोणत्या ओव्या म्हटल्या जात, हे सारे त्या सांगत. त्याबरोबर मोबदल्याच्या रकमा, भावकीतले तंटे आणि कोणी कोणाला फसवले हेही येई. "हे तुमच्यातच ठेवा," असे त्यांनी पहिल्याच बैठकीत बजावले होते. आम्ही शब्द दिला. त्यामुळे कोणत्याही मोठ्या कंपनीच्या सभागृहात ही बैठक भरवायची नाही, असे ठरले. आमच्यातील एकाच्या बारामतीच्या घरी माळ्यावर पडलेला जुना संगणक खाली काढला, त्यावर 'मंबल' ही मुक्त प्रणाली बसवली, आणि घरच्या घरी आवाजाचा सर्व्हर उभा केला.

पहिल्या रविवारी त्या घरातील तिन्ही यंत्रांवरून बोलणे उत्तम चालले. इंदापुरातून मात्र एकही माणूस आत येऊ शकला नाही.

कारण हास्यास्पद होते. सर्व्हरचा पत्ता म्हणून आम्ही सर्वांना १९२.१६८.१.७ हा आकडा कळवला होता. संगणकाने तोच दाखवला, आम्ही तोच उतरवून घेतला. पुढे कळले की हा आकडा लाखो घरांत असतो. 'मारुतीच्या देवळासमोरचे घर' असा पत्ता पोस्टकार्डावर लिहिण्यासारखाच हा प्रकार : गावात तो पुरेसा असतो, वेशीबाहेर निरर्थक. घरगुती वापरासाठी असे आकडे राखून ठेवण्याचा संकेत फेब्रुवारी १९९६ मध्ये रूढ झाला. त्याआधी, मे १९९४ मध्ये, अनेक यंत्रांनी एकाच बाहेरच्या पत्त्याआड राहण्याची युक्ती लेखी मांडली गेली होती. पत्त्यांचे अदलाबदलीकरण असे तिचे वर्णन करता येईल. तिच्या कर्त्यांनी ती अल्पकालीन उपाय म्हणूनच सुचवली होती. अल्पकालीन उपायांचे आयुष्य आपल्याकडे किती असते, हे महाविद्यालयाच्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्ग घेतलेल्यांना सांगायला नको.

टंचाई मुळातली होती. १९८१ मध्ये निश्चित झालेल्या पत्तापद्धतीत एकूण ४२९ कोटींच्या आसपास पत्ते मावतात. तेव्हा ही संख्या अमर्याद वाटली असावी. प्रत्यक्षात ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक कोठारातील अखेरचे गठ्ठे वाटून झाले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचे कोठार इतके तळाला गेले की पुढचे वाटप शिधापत्रिकेच्या हिशेबाने होऊ लागले. भारतात सामान्य ग्राहकाला आंतरजाल खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून, तेही प्रथम मोजक्या महानगरांत. तालुक्याच्या गावांपर्यंत ते पोहोचेतो पंगतीत वाढणारे शेवटच्या रांगेकडे वळले होते. आमच्या घराला स्वतःचा पत्ता का नाही, या प्रश्नाचे निम्मे उत्तर या उशिरात आहे.

येथे थोडे विषयांतर करतो. पत्ता म्हणजे आपण जेथे राहतो ते ठिकाण, अशी आपली समजूत असते. बारामतीचा पिनकोड ४१३१०२ आणि इंदापूरचा ४१३१०६. दोन्ही तालुके पुणे जिल्ह्यातले. पण पुण्याचे आकडे ४११ आणि ४१२ ने सुरू होतात, आणि ४१३ ही सुरुवात सोलापूरची. शासनाच्या लेखी आम्ही पुणेकर, टपालाच्या लेखी सोलापूरच्या वाटेवरचे. अर्थात पत्ता हा वास्तव्याचा दाखला नसून पोहोचण्याच्या वाटेचे वर्णन असतो. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, आणि ती घडवणारे टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना सांगितली की ते चकित होतात. आम्हांला त्यात नवल वाटत नाही. थोड्या अक्षरांत अर्थ नेमका बसवण्याची सवय ज्याला आहे, त्याला सहा आकड्यांत देश बसवणे जमले असेल.

दूरध्वनीच्या संकेतांकांतही असाच शेजार आहे. बारामती ०२११२, इंदापूर ०२१११. पन्नासेक किलोमीटरचे अंतर एका आकड्यात मावले. पण हे आकडे ग्राहकाच्या बोटांखाली यायला बराच काळ जावा लागला. ग्राहकाने स्वतः क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय भारतात १९६० मध्ये लखनौ-कानपूर दरम्यान सुरू झाली. लहान गावांत त्यानंतर कित्येक वर्षे ट्रंक कॉलच होता. आमच्या बैठकीला नियमाने येणारे एक काका टेलिफोन एक्स्चेंजमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले आहेत. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग या दरांच्या उतरंडीविषयी ते रंगून बोलतात. पीपी कॉल म्हणजे विशिष्ट व्यक्तीलाच जोडून द्यायचा कॉल; ती व्यक्ती जाग्यावर नसेल तर बोलणेच होत नसे. काकांच्या सांगण्यात वारंवार येणारा मुद्दा असा, की बाहेरून आलेली हाक आपोआप कुठेही जात नसे. ती बोर्डावर येऊन थांबे. ऑपरेटरने विचारायचे, कोण पाहिजे. आणि दोरी उचलून त्या भोकात खोवायची. "तुम्ही लोकांचं बोलणं ऐकत होता का हो, काका?" असे आमच्यातील एकीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "ऐकू यायचं. ऐकायचो नाही."

ऑपरेटरवाचून जोडणी व्हावी यासाठी यंत्र घडवणारा अल्मन स्ट्राउजर हा अमेरिकेत अंत्यविधीचे साहित्य पुरवणारा व्यावसायिक होता, आणि एक्स्चेंजमधील बाई आपली गिऱ्हाइके प्रतिस्पर्ध्याकडे वळवते असा त्याला संशय होता, अशी आख्यायिका आहे. त्याच्या यंत्राचे पेटंट १८९१ चे. आपल्या खेड्यांना मात्र स्वयंचलित एक्स्चेंज खऱ्या अर्थाने मिळाले ते सी-डॉटमुळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १२८ जोडण्यांचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज घडवले; ते वातानुकूलनाशिवाय, धुळीत आणि उन्हात चालावे अशीच त्याची रचना होती. १९८६ मध्ये पहिले एक्स्चेंज कर्नाटकात कित्तूरला बसले. त्यामागोमाग पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, आणि आमच्या पिढीचे महाविद्यालयीन जीवन त्या काचेच्या खोक्यांत, लाल आकड्यांकडे डोळे लावून, बोलण्यात गेले. बूथचे वैशिष्ट्य मात्र तेव्हा आमच्या ध्यानात आले नव्हते. तेथून आपण बाहेर बोलू शकत होतो; आपल्याला कोणी बाहेरून हाक मारू शकेल अशी सोय, बूथवाल्याची मेहरबानी सोडल्यास, नव्हती.

बाहेर बोलणे सोपे आणि बाहेरून बोलावले जाणे कठीण, हा भेद पत्त्यांच्या अदलाबदलीतही जसाच्या तसा आहे. घरातील यंत्राने बाहेर हाक घातली की राउटर ती लक्षात ठेवतो, आणि उत्तर आले की त्याच यंत्राकडे पोहोचवतो. न बोलावता आलेली हाक मात्र कोणाची, हे त्याला ठाऊक नसते; तो ती टाकून देतो. म्हणून राउटरला आधीच सांगून ठेवावे लागते, की ६४७३८ या दारावर कोणी आले तर त्याला माळ्यावरच्या संगणकाकडे पाठव. साखर कारखान्याच्या कार्यालयात एकच बाहेरचा क्रमांक आणि आत शेतकी विभाग, हिशेब, गोदाम अशी एक्स्टेंशने असत. तेथील ऑपरेटरच्या टेबलावरील यादीचेच हे काम.

ही यादी आम्ही भरली, आणि तरीही जोडणी होईना. निदान आम्हांला तसे वाटले. दोन आठवडे आम्ही त्याच घरात बसून बाहेरच्या पत्त्याने आत येण्याचा प्रयत्न करत होतो. अनेक राउटरांना आपल्याच उंबऱ्याबाहेर जाऊन पुन्हा आत येणे जमत नाही, ही गोष्ट आम्हांला माहीत नव्हती. आमच्यातील एकीच्या मोबाइलचे वाय-फाय चुकून बंद राहिले, आणि ती मोबाइलच्या जाळ्यातून सहज आत आली. बाहेरची जोडणी तपासायची तर बाहेर जावे लागते. हा धडा आम्ही समीक्षेत शिकवतो. येथे मात्र तो विसरलो होतो.

त्यानंतर वीज गेली. परत आल्यावर राउटरने घरातील यंत्रांना नवे आतले पत्ते वाटले, सर्व्हरचा ७ जाऊन ४ झाला, आणि इंदापूरहून येणाऱ्या साऱ्या हाका त्या रविवारी छपाईयंत्राकडे जात राहिल्या. मग सर्व्हरचा आतला पत्ता कायमचा बांधून घेतला. पुढे आणखी एक दोष निघाला. बाईंचा आवाज येई, पण अडखळत, उशिरा, मधली अक्षरे चिकटून. ओवीचा तर चोथा होई. आवाज वाहून नेण्याच्या दोन रीती आहेत : एकीत प्रत्येक तुकडा पोहोचल्याची पावती घेतली जाते आणि हरवलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, दुसरीत हरवला तर हरवला, पुढचे ऐका. संभाषणाला दुसरी रीत मानवते, कारण उशिरा आलेल्या अक्षरापेक्षा गळलेले अक्षर परवडते. मंबल दुसऱ्या रीतीने आवाज पाठवते. ती वाट बंद असेल तर नाइलाजाने पहिलीतून नेते. आम्ही यादीत पहिल्याच रीतीचे दार लिहिले होते. दुसरे लिहिताच बाईंचा आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा येऊ लागला.

राहता राहिला घराचा बाहेरचा पत्ता. तो आमचा असला तरी स्थिर नव्हता. जोडणी तुटून पुन्हा लागली की बदले. त्यासाठी एक नाव घेतले, आणि बदललेला आकडा त्या नावापुढे आपोआप लिहिला जाईल अशी व्यवस्था केली. बाईंना ही कल्पना समजावताना आम्ही चाचरत होतो. त्यांनी आम्हांलाच समजावले : "म्हणजे पळसदेवासारखं की. गाव वर आलं, नाव तेच राहिलं. पत्र येतंच की तिथं." १९८० मध्ये पुऱ्या झालेल्या उजनी धरणाने भीमेकाठची गावे हलवली. जुने पळसदेव पाण्यात गेले. पाणी फार उतरले की पळसनाथाचे शिखर आणि मंदिर अजूनही उघडे पडते. नवे पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्यालगत वसले. नाव आणि जागा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना जोडणारी नोंद कोणीतरी ठेवावी लागते, हे धरणग्रस्तांइतके कोणाला कळणार? नोंद चुकली की माणूस कागदावर बुडालेल्याच गावात राहतो, आणि तशी उदाहरणे बाईंनी नावानिशी सांगितली होती. ती आमच्यातच आहेत.

अशी तीन वर्षे बरी गेली. २०२३ च्या उत्तरार्धात घरी तांब्याची जुनी तार काढून फायबरची जोडणी घेतली. वेग कित्येक पटींनी वाढला, आणि त्याच दिवशी बैठक बंद पडली. नाव नव्या आकड्याकडे वळले होते, यादी तीच होती, दोन्ही दारे लिहिलेली होती. आम्ही राउटर बदलला. संगणकाची सुरक्षाभिंत काही वेळ उतरवली. प्रणाली पुसून पुन्हा बसवली. जोडणी देणाऱ्या कंपनीला फोन केले. पलीकडून दर वेळी वेग मोजायला सांगितले जाई, आणि वेग उत्तमच होता. सत्र परीक्षा आल्या, उत्तरपत्रिका आल्या, नॅकच्या फायली आल्या. खरे सांगायचे तर आम्ही कंटाळलो आणि काम पुढे ढकलत गेलो. सात महिने बाईंची बैठक झाली नाही.

निदान केले ते काकांनी. बारामतीला लग्नाला आले असता ते घरी डोकावले आणि सगळे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमच्या बोर्डाला तरी बाहेरचा नंबर आहे का? का तुम्हीसुद्धा कुणाचं एक्स्टेंशनच आहात?" आम्ही राउटरच्या पानावर जाऊन त्याला बाहेरून मिळालेला पत्ता पाहिला. तो १००.७२ ने सुरू होत होता. बाहेरच्या संकेतस्थळाला आमचा पत्ता विचारला, तर तेथे भलताच आकडा. आमचे नाव त्या भलत्याच आकड्याकडे बोट दाखवत होते. काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा सुमारे ४२ लाख पत्त्यांचा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी राखला गेला : कंपनीने ग्राहकांना आतले पत्ते द्यावेत, आणि अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता वापरावा. आमच्या घरावर आणखी एक बोर्ड बसला होता, आणि त्याची यादी आमच्या हातात नव्हती. आमच्या राउटरमध्ये आम्ही काहीही लिहिले तरी हाक त्याच्यापर्यंत येतच नव्हती.

येथे आम्हांला तक्रार नोंदवावीशी वाटते, आणि ती कोणा एका कंपनीविरुद्ध नाही. ज्याला आपण प्रगती म्हणून घरी आणले, तिने आम्हांला एसटीडी बूथमध्ये परत नेऊन बसवले. पाहा, ऐका, उतरवून घ्या, हवे तितके. पण तुमच्या घरी कोणी थेट यावे, ही अपेक्षा घरगुती दरात बसत नाही. बारामतीचे मोरोपंत कऱ्हा नदीकाठच्या आपल्या घरात बसून लिहीत, आणि कीर्तनकार त्यांच्या आर्या गावोगाव नेत. कवितेला बाहेर जायला वाट होती, आणि ऐकणाऱ्याला बारामतीस येऊन पंतांना भेटायलाही कोणी अडवत नव्हते. घराला दार असे, आणि ते दोन्ही बाजूंनी उघडत असे.

उपाय तीन होते. कायमचा बाहेरचा पत्ता विकत घेणे. तो व्यावसायिक जोडणीवरच मिळेल असे उत्तर आले. दुसरा उपाय नव्या पत्तापद्धतीचा. तिचा आराखडा १९९५ चा, आणि तीत पत्त्यांची टंचाई नावालाही नाही. भारतातील मोबाइल जाळ्यांनी, विशेषतः २०१६ नंतर, ती मोठ्या प्रमाणावर स्वीकारली आहे. बाईंच्या नातवाच्या फोनला असा पत्ता होताच. आमच्या फायबरला नव्हता. वस्तीवरचा फोन जगाच्या नकाशावर होता आणि बारामतीचे घर नव्हते, ही उलटापालट आम्हांला मनोमन आवडली. पण तिने काम भागेना. शेवटी तिसरा मार्ग धरला. दूरच्या एका केंद्रात खरा पत्ता असलेले लहानसे यंत्र भाड्याने घेतले. घरचा सर्व्हर स्वतःहून बाहेर जाऊन त्या यंत्राशी बंद नळी जोडतो, आणि इंदापूरची हाक त्या यंत्राकडे येऊन नळीतून घरी पोहोचते. बाहेर गेलेल्या हाकेचे उत्तर तेवढे आत येते, हा नियम आम्ही मोडला नाही, वापरला. बोलणे कुलूपबंद होते ते बोलणाऱ्याच्या फोनवर, आणि उघडते ते घरच्या सर्व्हरवर. मधले भाड्याचे यंत्र केवळ लिफाफे पुढे ढकलते. काकांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्याला ऐकूसुद्धा येत नाही." बाईंना दिलेला शब्द त्यामुळे पाळला गेला.

२०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडावर बैठक पुन्हा भरली. बाईंचा आवाज पूर्वीइतकाच स्पष्ट होता. सात महिन्यांपूर्वी त्यांनी वरच्या आळीपर्यंत गाव सांगून संपवले होते. पुढे नदीकडे उतरणारी आळी राहिली होती. त्या दिवशी त्यांनी थेट घाटापासून सुरुवात केली. आम्ही टिपणवही पाहून विचारले, "बाई, मधली आळी राहिली ना? विहिरीच्या अंगाची?" पलीकडे बराच वेळ शांतता होती. जोडणी तुटली असावी असे वाटून आमच्यातील एकाने सवयीने पडद्याकडे पाहिले. जोडणी शाबूत होती. मग बाई म्हणाल्या, "तिथं आता पाणी आलंय, बाळांनो. दिसत नाही."

त्या आळीतील घरांची नावे मिळवण्यासाठी सध्या आम्ही बाईंच्या धाकट्या जावेशी बोलत आहोत. त्या सोलापूर जिल्ह्यात असतात, आणि रविवारी दुपारी चार वाजता बैठकीला येतात. घरचा सर्व्हर दर २५ सेकंदांनी त्या भाड्याच्या यंत्राकडे एक रिकामे पाकीट पाठवत असतो, म्हणजे मधल्या बोर्डावरचा दिवा विझू नये.